जवळचे आणि लांबचे

'तो आमचा लांबचा चुलता' असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो तो पुष्कळदा शेजारच्याच आळीत राहत असतो. आणि 'ती आमच्या अगदी जवळची' असे जिच्याविषयी म्हणतो ती आतेबहीण लग्न होऊन गेली तीस वर्षे अमेरिकेत नांदत असते. या बोलण्यात कोणासही विसंगती वाटत नाही. कोसांनी व मैलांनी मोजावयाचे शब्द आपण नात्यास लावतो, आणि ते इतके चपखल बसतात की, ते मूळचे दुसऱ्या कामाचे आहेत हे ध्यानातही येत नाही. मराठीत ही रीत फार खोलवर गेली आहे. दोघा भावांत वाकडे आले म्हणजे त्यांच्यात अंतर पडते. ते वाढले की दुरावा होतो. मरतेसमयी आई थोरल्यास सांगते की, धाकट्यास अंतर देऊ नकोस. कोणी फाजील सलगी करू लागला की तो पायरी सोडतो. एखाद्याच्या आपण वाऱ्यासही उभे राहत नाही. कोणी मनातून उतरतो, कोणी डोक्यावर चढून बसतो. हे सारे बोलणे एकत्र करून पाहिले तर असे वाटू लागते की, प्रत्येक कुटुंबात एक न दिसणारी भूमी पसरलेली आहे आणि तिच्यावर माणसे कमीअधिक अंतराने, उंच-सखल जागी उभी आहेत.

अलंकारशास्त्रात अशा प्रयोगांस लक्षणा म्हणतात, आणि पस्तीस वर्षे वर्गात आम्ही विद्यार्थ्यांस तेच नाव सांगत आलो. परंतु मेंदूचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी गेल्या पन्नास वर्षांत, आणि विशेषेकरून गेल्या दहा-बारा वर्षांत, जे शोधून काढले आहे ते वाचले म्हणजे या लक्षणेचे मूळ कवींच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ खाली, डोक्यातील पेशींतच असावे, असे म्हणावयास जागा आहे. आमचा पुतण्या वैद्यकीच्या शेवटच्या वर्षास आहे. त्याने आणून दिलेले ग्रंथ व निबंध आम्ही गेल्या चातुर्मासात इंग्रजी कोश उशाशी ठेवून वाचून काढले. ही जिज्ञासा निव्वळ पांडित्याची नव्हती. घरात एक प्रसंग उभा होता, त्याविषयी पुढे सांगू.

प्रथम जमिनीची गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठात टोलमन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. उंदरास वळणावळणाच्या बोळांत सोडले असता तो अन्नापर्यंत कसा पोचतो, हा त्यांचा प्रश्न. त्या काळचे पुष्कळ पंडित म्हणत की, उंदीर केवळ वळणे पाठ करतो. अर्थ न कळता पोराने संथा घोकावी, तशी. टोलमन व त्यांचे सहकारी यांनी उंदरांस एका वळसे घेत जाणाऱ्या वाटेची सवय लावली. मग ती वाट बंद केली आणि तिच्याऐवजी चाकाच्या आऱ्यांसारख्या पुष्कळ नव्या वाटा उघडून दिल्या. उंदरांनी बंद वाटेलगतच्या वाटा धराव्या, अशी अपेक्षा. पण इतर कोणत्याही वाटेपेक्षा, जी सरळ अन्नाच्या जागेच्या दिशेने जात होती तीच अधिक उंदरांनी धरली. त्या वाटेने तर ते पूर्वी कधी गेलेच नव्हते! १९४८ साली टोलमन यांनी लिहिले की, उंदरांच्या आणि माणसांच्या डोक्यात परिसराचा एक नकाशा तयार होत असतो. तो नकाशा मेंदूत नेमका कोठे काढला जातो, हे पाहण्याचे साधन मात्र त्या काळी उपलब्ध नव्हते.

ते साधन लंडनमध्ये जॉन ओकीफ यांच्या हाती आले. मेंदूत दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आत खोलवर, एकेक वाकडी घडी असते. जुन्या शरीरशास्त्रज्ञांस तिचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून ग्रीक भाषेतील त्याच अर्थाचे हिप्पोकॅम्पस हे नाव तिला पडले. १९७१ साली ओकीफ व त्यांचे सहकारी दोस्त्रोव्स्की यांनी मोकळेपणी फिरणाऱ्या उंदराच्या या भागात अतिशय बारीक तारा बसवून एकेका पेशीचे स्पंदन ऐकले. एखादी पेशी, उंदीर एका ठराविक जागी आला की जोराने बोलू लागे आणि तो तेथून हलला की गप्प बसे. दुसरी पेशी दुसऱ्या जागेसाठी राखलेली असे. यांस आपण स्थानपेशी म्हणू. पुढे २००५ साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर या त्या वेळच्या दांपत्याने, याच घडीला लागून असलेल्या भागात, आणखी विलक्षण पेशी सापडल्याचे प्रसिद्ध केले. येथे एकच पेशी जमिनीवरील अनेक जागी बोले, आणि त्या जागा कागदावर टिपून पाहता त्यांची चक्क ठिपक्यांची रांगोळी होत होती: सारख्या अंतरावर ठिपके, आणि एका ओळीतील ठिपका पुढच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या बरोबर मधल्या जागी. आमच्या वाचकभगिनींस हे चित्र निराळे समजावून देण्याची गरज नाही. ज्या रांगोळीच्या आधाराने त्या अंगणात कमळ रेखितात, तसल्याच रांगोळीच्या आधाराने उंदराचा मेंदू जमीन मोजतो. ओकीफ व मोझर दांपत्य यांस २०१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मनुष्याचा मेंदू उघडून तारा बसविता येत नाहीत (अपस्माराच्या काही रोग्यांच्या बाबतीत उपचारार्थ बसवितात, तेवढा अपवाद), म्हणून त्याची चित्रे घेऊनच काम भागवावे लागते. लंडनच्या टॅक्सीवाल्यांवरील अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या घेरातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ केल्यावाचून तेथे परवाना मिळत नाही. त्या अध्ययनास तीन-चार वर्षे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांच्या मानाने मोठा असतो. वेदपाठी ब्राह्मणाने दहा ग्रंथ मुखोद्गत करावे त्याच तोडीचे हे पाठांतर आहे, असे आम्हांस वाटते. फरक इतकाच की, यात मंत्रांच्या ठिकाणी गल्ल्या आहेत.

आता माणसांकडे वळू. इस्राएलातील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली फलाहारी वटवाघळांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक वटवाघूळ टांगून घेऊन स्वस्थ पाहत असे. दुसरे उडत जाऊन दोहोंपैकी एका गोळ्यावर बसे व परत येई. मग पहिल्याने त्याचे अनुकरण करावयाचे. पहिले हलतही नसताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमधील काही पेशी दुसरे वटवाघूळ कोठे आहे त्याप्रमाणे बोलत होत्या. म्हणजे 'मी कोठे आहे' एवढेच लिहिण्याची ही वही नव्हे. 'तो कोठे आहे' हेही तीतच लिहिले जाते. त्याच वर्षी जपानातील संशोधकांस उंदरांतही तसेच आढळले.

तथापि हेही अद्याप जमिनीवरचेच स्थान झाले. नात्याचे अंतर निराळे. त्याविषयी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात एक मार्मिक परीक्षा झाली व ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात माणसांस निजवून त्यांस तीन प्रकारच्या गोष्टी दाखविल्या: जवळ किंवा दूर ठेवलेल्या वस्तूंची चित्रे, थोड्या वेळाने किंवा पुष्कळ काळाने घडणाऱ्या गोष्टीचे शब्द, आणि त्यांच्याच ओळखीच्या माणसांचे फोटो, काही जिवलग मित्रांचे, काही नुसत्या तोंडओळखीच्यांचे. मेंदूच्या उजव्या अंगास, कानाच्या वर व थोडे मागे, एक भाग असा निघाला की, तेथील खुणा 'जवळ' आणि 'दूर' एवढाच भेद करीत; मग ते जवळ-दूर हातांचे असो, काळाचे असो की स्नेहाचे असो. एका प्रकारातील खुणा शिकून घेतल्या तर दुसऱ्या प्रकारातील जवळ-दूर ओळखता येत असे. शिंप्याने एकाच गजाने रेशीमही मोजावे आणि कांबळेही, तशातला हा प्रकार.

पुढील वर्षी, २०१५ साली, न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय वैद्यकसंस्थेतील डानिएला शिलर, रीटा तवारेस इत्यादिकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांनी एक खेळ रचला. खेळणारा परक्या गावी येतो. त्यास नोकरी व बिऱ्हाड शोधावयाचे असते. वाटेत निरनिराळी माणसे भेटतात, आणि प्रत्येकाशी कसे वागावयाचे ते तो ठरवितो. कोणाचे ऐकतो, कोणास हुकूम सोडतो. कोणाजवळ मन उघडे करतो, कोणास हातभर दूर ठेवतो. संशोधकांनी या वागण्याच्या दोन रेषा आखल्या: एक अधिकाराची, खालून वर, दुसरी जवळिकीची, आडवी. प्रत्येक पात्र या दोन रेषांच्या पटावर खेळाबरोबर सरकत जाई. खेळणाऱ्यास असा काही पट आहे याची गंधवार्ताही नव्हती. परंतु त्याच्या स्थानापासून ते पात्र कोणत्या दिशेस आहे, त्या कोनास अनुसरून हिप्पोकॅम्पसची हालचाल बदलत होती. ज्यांस चारचौघांत मिसळणे सोपे जाते असे लोक सांगत होते, त्यांच्यात हा संबंध अधिक ठळक दिसला.

हे वाचताना आम्हांस पदोपदी मराठीची आठवण होत होती, कारण या दोन रेषा आपल्या भाषेत लहान मूलही जाणते. जुन्या घरांतील रीत पाहा. वडिलांस 'तुम्ही' आणि आईस 'तू'. आई काही मानाने उणी होती असे नव्हे; ती उंचावर खरी, पण उंचीइतकीच जवळही होती, आणि तिच्या बाबतीत जवळीक जिंकली. थोरल्या बहिणीस 'तू', पण तिच्याच वयाच्या वहिनीस 'तुम्ही'. सासूने सुनेस 'अगं' म्हणावे व जावयास 'अहो'. दोघेही धाकटी, पण एक घरात आलेली आणि दुसरा दारातून परत जाणारा. देवास तर आपण सरसहा 'तू' म्हणतो. केवळ उंच-सखल मोजून हा हिशेब सुटत नाही व केवळ जवळ-दूर मोजूनही सुटत नाही. दोन्ही रेषा लागतात. परभाषकास मराठी शिकविताना विभक्ती महिन्यात येतात, परंतु हे कोठे काय म्हणावयाचे ते वर्षानुवर्षे चुकते, याचे कारण हेच की, त्यास शब्दांबरोबर आपला सगळा पट शिकावा लागतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. 'मेंदूत नातेवाइकांचा नकाशा सापडला' अशा मथळ्याची बातमी कोणी दाखविली तर तीवर जपून विश्वास ठेवावा. असल्या परीक्षा थोड्या माणसांवर झालेल्या असतात. मेंदूचा एखादा भाग एका वेळी जागा झाला म्हणून तेच त्याचे एकमेव काम असे ठरत नाही. हिप्पोकॅम्पस तर स्मृतीची, घटनांच्या क्रमाची, आणखी कितीतरी कामे करतो. उंदराची स्थानपेशी जितकी निर्विवाद आहे तितके माणसाच्या नात्याविषयीचे हे अनुमान अद्याप नाही.

दुसरा इशारा आमच्याच मंडळींस. 'यात नवे ते काय, आमच्या ऋषींस हे सर्व ठाऊकच होते' असे म्हणणारे एक तरी गृहस्थ प्रत्येक घरी असतात. त्यांच्या कामी येईल अशी सामग्री आम्हीच पुरवितो. वैयाकरणांनी 'हा' आणि 'तो' यांसाठी संस्कृतातील चार सर्वनामे अंतराप्रमाणे वाटून दिली आहेत: इदम् जवळच्यास, एतद् त्याहूनही जवळच्यास, अदस् दूरच्यास, आणि तद् डोळ्यांआड असलेल्यास. धर्मशास्त्राने सापिंड्य पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत मोजले. जणू नात्याच्या वाटेवर मैलाचे दगडच रोवले. आणि पाणिनीच्या आठव्या अध्यायात तर दोन सूत्रे लागोपाठ येतात. एक सांगते की, अभिवादनास उत्तर देताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवावा, पण नमस्कार करणारा शूद्र असेल तर लांबवू नये. त्याच्या लगेच पुढचे सूत्र सांगते की, दूर असलेल्यास हाक मारताना स्वर लांबवावा. एका सूत्रात समाजातील अंतर, दुसऱ्यात जमिनीवरील. आणि दोन्ही स्वराच्या लांबीत मोजलेली. ही निरीक्षणशक्ती अलौकिक खरी. पण निरीक्षण म्हणजे मेंदूविज्ञान नव्हे, आणि पहिल्या सूत्रातील तो अपवाद अभिमानाने मिरविण्याजोगा नाही.

त्या अपवादाचे घरातील रूप आम्ही पाहिलेले आहे. आमचे मूळ घर कोकणात, राजापूर तालुक्यात. पाणंदीतून वर आले की अंगण, मग पायऱ्या, ओटी, पडवी, माजघर, त्यापुढे देवघर व स्वयंपाकघर, आणि मागे परसू. कोणी कोठवर यावयाचे ते कोणी सांगत नसे, पण सर्वांस ठाऊक असे. गावचा व्यवहारी मनुष्य ओटीवर बसे. भाऊबंद पडवीपर्यंत येत. माजघरात येई तो घरचा. आणि चुलीपाशी ज्यास बसवून घेत तो जिव्हाळ्याचा. कुळे अंगणात उभी राहत. ज्यांस अस्पृश्य गणीत ते अंगणातही येत नसत. पाणंदीतूनच हाक घालीत. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि अस्पृश्यता कायद्याने गेली. परंतु त्यानंतर जन्मलेल्या आम्हीही पाणंदीतून येणारी ती लांबविलेली हाक लहानपणी ऐकली आहे. पुढे पाणिनी शिकताना प्लुत स्वर म्हणजे काय हे आम्हांस निराळे समजावून घ्यावे लागले नाही. घराचा नकाशा हाच समाजाचा नकाशा होता, आणि मूल रांगू लागले की दोन्ही एकदमच शिके.

आता घरच्या प्रसंगाविषयी. आमची थोरली बहीण, आक्का, ऐन तारुण्यात वैधव्य येऊन माहेरी परतली आणि पुढे पन्नासाहून अधिक वर्षे तिने ते कोकणातील घर राखले. तीन वर्षांमागे, वय अठ्ठ्याहत्तर झाल्यावर, तिला एकटी ठेवणे बरे नव्हे म्हणून आम्ही पुण्यास आमच्या बिऱ्हाडी आणले. सदनिका चार खोल्यांची; तीत चुकण्यासारखे काही नाही. तरी आक्का रात्री उठे आणि मधल्या बोळकांडीत उभी राही. न्हाणीघराऐवजी स्वयंपाकघरात जाई. नवीन जागा, होते असे, असे सर्वांनी म्हटले. काही महिन्यांनी ती आमच्या सुनेस 'काकू' म्हणू लागली आणि आमच्या मुलास आमच्या दिवंगत चुलत्याच्या नावाने हाक मारू लागली. वय झाले, नावे विसरतात, असे सर्वांनी म्हटले. या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, असाच घरात समज होता. पुतण्याने मात्र दोन्ही एका कागदावर लिहिल्या आणि तिला डॉक्टरांकडे नेऊ या असा आग्रह धरला.

डॉक्टरांनी पहिले तीन प्रश्न विचारले: आज वार कोणता? आपण कोठे आहोत? आणि आमच्याकडे बोट दाखवून, हे कोण? काळ, स्थळ आणि व्यक्ती. हे तीन प्रश्न वैद्यकीत फार जुने आहेत. ते एकत्र का विचारावयाचे याचे एक उत्तर जेरुसलेम येथील संशोधकांनी २०१५ साली दिले. त्यांनी माणसांस दोन जागा, दोन घटना किंवा दोन माणसे सांगून 'यांतील तुम्हांस जवळचे कोणते' असे विचारले, आणि तिन्ही प्रश्नांस उत्तर देताना मेंदूतील जागे होणारे भाग एकमेकांस लागून, काही ठिकाणी एकमेकांवर चढलेले, असे आढळले. आक्काने वार चुकविला. 'कोठे आहोत' या प्रश्नास 'घरी' असे उत्तर दिले. आणि आमच्याकडे पाहून ती म्हणाली, ''हा माझा धाकटा.'' हे बरोबर होते.

पुढील तपासण्यांत आल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णिलेल्या रोगाचे निदान झाले. त्याविषयी येथे एवढेच सांगावयाचे की, हा रोग मेंदूत आरंभी जेथे घर करतो ती जागा म्हणजे मोझर दांपत्यास रांगोळी सापडली तोच भाग, आणि तेथून तो हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतो. म्हणून ओळखीच्या रस्त्यावर चुकणे हे त्याच्या आरंभीच्या लक्षणांत मोडते. ज्यांच्या घरी वृद्ध मनुष्य नेहमीच्या देवळाहून परतताना वाट चुकू लागले असेल त्यांनी 'वय झाले' म्हणून स्वस्थ बसू नये. वाट चुकण्याची इतर कारणेही असतात व त्यांतील काही बरी होण्याजोगी असतात.

गेल्या वर्षी गणपतीस आम्ही आक्कास घेऊन कोकणात गेलो. पुण्यात बोळकांडीत अडणारी आक्का तेथे पहाटेच्या अंधारात उठून, दिवा न लावता, उंबरठे न अडखळता देवघरात जाऊन बसली. फुले काढावयास परसात गेली व परतली. घरात आनंदीआनंद झाला. 'आता तिला येथेच ठेवू' अशी भाषा सुरू झाली. परंतु संध्याकाळी जे घडले ते असे. पुतण्या ओटीवरच्या झोपाळ्यावर बसला होता. आमचे चुलते आप्पा यांची ती ठरलेली जागा. आक्का माजघराच्या उंबरठ्याशी आली, पदर सावरला आणि म्हणाली, ''आप्पा, पाने वाढली आहेत, उठता ना?'' पुतण्या गोंधळून उठला आणि ओटीच्या पायरीवर, जेथे पूर्वी आम्ही मुले बसत असू, तेथे जाऊन बसला. आक्का त्याच्याकडे पाहून म्हणाली, ''अरे, तू कधी आलास? हातपाय धुतलेस का?'' मनुष्य तोच, चेहरा तोच. जागा बदलताच 'तुम्ही'चा 'तू' झाला. वैद्यकीचा विद्यार्थी असल्यामुळे त्याने पुन्हा एकदा झोपाळ्यावर बसून पाहिले, आणि पुन्हा तो आप्पा झाला. तिसऱ्यांदा उठू लागला तेव्हा आम्ही त्यास हाताने थांबविले.

म्हणजे जुन्या घरात तिला जमीन परत मिळाली, पण माणसे परत मिळाली नाहीत. त्या जमिनीवर जी माणसे तिने पूर्वी उभी केली होती, तीच तिला तेथे दिसत होती. जेथे जो बसे तोच तेथे बसलेला आहे. पुण्यात आम्ही तिला थोडे तरी आम्ही म्हणून दिसत होतो. कोकणात आम्ही निव्वळ जागा भरीत होतो. हे दुःख की सुख, यावर घरात मतभेद आहे. आमच्या पत्नीचे म्हणणे, आक्का त्या आठ दिवसांत जितकी शांत होती तितकी दोन वर्षांत दिसली नाही. मुलाचे म्हणणे, मग आपण तिचे कोण उरलो? दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटते.

याच सुमारास आम्ही हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाची हकीकत वाचली. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला गेला, आणि तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत नवीन मनुष्य वा नवीन प्रसंग त्यांच्या स्मरणात राहिला नाही. वर्षानुवर्षे भेटणारे डॉक्टर त्यांस प्रत्येक वेळी अनोळखी. परंतु शस्त्रक्रियेनंतर ज्या घरात ते राहावयास गेले व कित्येक वर्षे राहिले, त्या घराचा खोल्या-खोल्यांचा आराखडा त्यांनी कागदावर बरोबर काढून दाखविला. रोज त्याच दारातून त्याच दारात जाता जाता पायांनी जे शिकविले ते कोठेतरी उतरले होते. मोलेसन यांस रोग निराळा आणि आक्काचा निराळा. एकाचे उदाहरण दुसऱ्यास जसेच्या तसे लावणे शास्त्रास धरून होणार नाही. तरी आम्हांस त्यावरून एक गोष्ट सुचली, आणि सूनबाईंनी ती अमलात आणली.

पुण्याच्या घरात आता कोणी कोठेही बसत नाही. जेवावयास प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आहे, आणि पाहुणा आला तरी ती बदलत नाही. आक्काच्या खाटेवरून सरळ दिसेल अशा कोपऱ्यात देवघर हलविले व तेथे रात्रभर लहान दिवा असतो. न्हाणीघराचे दार त्याच्याच शेजारचे. सूनबाई सकाळी चहा घेऊन नेहमी खिडकीच्याच बाजूने जातात आणि 'मी तुमच्या धाकट्याची सून' असे नाते सांगून मग पेला हाती देतात. हे औषध नव्हे व याने रोग हटत नाही, हे डॉक्टरांनी आम्हांस स्पष्ट सांगितले आहे. आक्का न्हाणीघर चुकण्याचे प्रमाण कमी झाले आहे. सुनेस ती अद्याप 'काकू'च म्हणते. पण गेल्या महिन्यात दोनदा, खिडकीकडून पाऊल वाजताच, चेहरा दिसण्यापूर्वी, 'आलीस का गं?' असे म्हणाली. काकूस ती कधी 'तू' म्हणत नसे.

राहिली कोकणातील घराची गोष्ट. ते आम्हा पाच जणांच्या नावावर आहे. गिऱ्हाईक आलेले आहे आणि किंमतही वाईट नाही. घर पाडून तेथे पर्यटकांसाठी खोल्या बांधण्याचा त्याचा बेत आहे. भाऊबंदांतील काहींस पैशाची निकड आहे, ती खोटी नाही. आम्ही सर्वांस पत्र घातले आहे की, आक्का आहे तोवर विक्री नको. दरवर्षी गणपतीस व उन्हाळ्यात तिला पंधरा-पंधरा दिवस तेथे नेऊ, आणि तोवर घराचा खर्च आम्ही सोसू. दोघांची संमती आली आहे. उरलेल्या दोघांची उत्तरे यावयाची आहेत. पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्यावे लागेल. त्यासाठी गडी ठरविला असून तो अक्षय्यतृतीयेनंतर कामास लागेल.